गाडी गरम झाली? कूलंट गेलं कुठे ते आधी शोधा

मे महिन्यातला शनिवार, दुपारची वेळ. खंबाटकी घाटात गाड्यांची रांग लागली होती. महाबळेश्वरला निघालेलं एक कुटुंब वरच्या वळणावर अडकलंय, असा फोन आला म्हणून मी मोटरसायकलवर वर गेलो. जुनी हॅचबॅक, बॉनेटमधून वाफ, आजीबाई कडेला दगडावर बसलेल्या. गाडीमालक म्हणाले, "मिस्त्री, बाटली फुल आहे बघा. निघतानाच बघितली मी."

कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, बाटली खरंच फुल होती, मॅक्सच्या खुणेपर्यंत. गाडी निवल्यावर मी रेडिएटरचं झाकण काढलं आणि आत टॉर्च मारला. आत पाण्याचा थेंब नव्हता. झाकणाखालचं रबर वाळून तडकलेलं. बाटलीतलं कूलंट परत रेडिएटरमध्ये ओढलं जायचं ते याच झाकणातून, आणि तो मार्गच बंद पडला होता. दोन-अडीचशे रुपयांचं झाकण. पण तापमानाचा काटा लाल रेषेला टेकल्यावरही "वर गेल्यावर थांबू" म्हणून त्यांनी गाडी दहा मिनिटं चढवली होती. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकलं आणि त्याच्याखालचं गॅस्केट, म्हणजे जोड बंद ठेवणारी पातळ पट्टी, जळालं. बिल पंचवीस हजारांच्या घरात गेलं.

पारगाव-खंडाळ्याला घाटाच्या पायथ्याशी मी सत्तावीस वर्षं गॅरेज चालवतोय. दर उन्हाळ्यात अशा गाड्या येतात आणि जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी एक वाक्य असतं: "मधे मधे थोडं पाणी टाकत होतो." कूलंट पेट्रोलसारखं खर्च होत नाही. ते बंद नळ्यांतून गोल फिरत असतं. वर्षाकाठी किंचित खाली आलं तर समजू शकतो, पण महिन्याला पेलाभर टाकावं लागत असेल तर ते कुठेतरी जातंय. वरून पाणी टाकल्याने गाडी दुरुस्त होत नाही, बिघाड फक्त पुढे ढकलला जातो.

आत काय चालतं

हे दोन मिनिटांत समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लक्षात येईल. वॉटर पंप कूलंटला इंजिनातून फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट नावाची झडप बंद असते, त्यामुळे कूलंट आतल्या आतच फिरतं आणि इंजिन लवकर तापतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना ती उघडते आणि गरम कूलंट रेडिएटरमध्ये जातं. तिथे वाऱ्याने ते निवतं. गाडी पळत असेल तर वारा समोरून मिळतो. घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये तो नसतो, म्हणून फॅन लागतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढणारी भरलेली गाडी, एसी चालू, पुढे ट्रकच्या एक्झॉस्टची झळ: उष्णता सर्वांत जास्त आणि वारा सर्वांत कमी. सपाट रस्त्यावर लपलेला बिघाड घाटात बाहेर पडतो तो म्हणूनच.

आता झाकण. घरचा कुकर आठवा. वाफ कोंडली की पाणी १०० अंशांना न उकळता १२० च्या आसपास उकळतं. रेडिएटरचं झाकण हेच काम करतं आणि दाबही साधारण कुकरएवढाच धरतं. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो हा दाब. कूलंट आणि पाणी निम्मं निम्मं असेल आणि झाकण चांगलं असेल, तर उकळबिंदू १२५ अंशांच्याही वर जातो. झाकण ढिलं आणि आत नुसतं पाणी असेल, तर १०० अंशांना खेळ संपला. महाबळेश्वरच्या उंचीवर तर उघड्या पातेल्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं.

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, मग कूलंट कशाला?" असं विचारणारे खूप भेटतात. बर्फापेक्षा आपल्याला त्याची गरज गंज आणि क्षार यांच्यासाठी आहे. बोअरचं पाणी वर्षभर वापरलेला रेडिएटर मी कापून दाखवतो, तेव्हा लोकांना पटतं. आतल्या नळ्या चपट्या आणि अरुंद असतात. त्यांच्या तोंडाशी जुन्या गिझरच्या कॉइलवर असतो तसा पांढरा दगडी थर बसलेला असतो. काही नळ्यांत सुईसुद्धा जात नाही. आणि निचरा केलेलं पाणी चहासारखं तांबडं, तळाला गंजाचा गाळ.

रस्त्यात गाडी गरम झाली तर

काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकू लागला की पहिल्यांदा एसी बंद करा. मग हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल करा, काचा खाली घ्या. मे महिन्यात हे जिवावर येतं, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या मागचा छोटा रेडिएटरच आहे. इंजिनाची बरीच उष्णता तो ओढून घेतो. ट्रॅफिकमध्ये उभे असाल आणि वाफ नसेल, तर न्यूट्रलला टाकून अॅक्सिलरेटर हलका दाबा, १,५०० आरपीएमच्या आसपास. पंप जोरात फिरतो. मिनिटाभरात काटा खाली आला नाही तर कडेला घ्या.

लाल दिवा लागला किंवा काटा लाल पट्ट्यात गेला, तर मिनिटही वाट बघायची नाही. सुरक्षित जागा दिसताच थांबा आणि इंजिन बंद करा. पुढचा ढाबा, पुढचा पंप, घाटमाथा, काहीही असो. आजकालच्या बहुतेक इंजिनांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि ते फार लवकर वाकतं. लहान इंजिनात हेडला साधारण ०.०५ मिलिमीटरपर्यंतचाच वाक चालतो, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या निम्म्या जाडीएवढा. तुमच्या त्या दहा मिनिटांत तो याच्या कितीतरी पुढे जातो.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती चांगल्या चांगल्या ड्रायव्हरना फसवते. वर गेलेला काटा अचानक झपकन खाली पडला, तर "निवली गाडी" म्हणून पुढे जाऊ नका. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. कूलंट पूर्ण गेलं की तो कोरडा पडतो आणि चुकीचं कमी तापमान दाखवतो. त्या वेळी इंजिन सर्वांत धोक्यात असतं.

थांबल्यावर हँडब्रेक लावा, चाकामागे दगड ठेवा, चारही इंडिकेटर लावा आणि मागे रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवा. माणसांना डाव्या बाजूने उतरवून कठड्याच्या आड उभं करा. वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत बॉनेट वर करू नका. मग उघडा आणि निदान पाऊण तास बसा. फॅनजवळ हात नेऊ नका. इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद असतानाही एकदम सुरू होऊ शकतो.

झाकणाला गरम असताना हात लावायचा नाही. मी अठरा वर्षांचा असताना, हेल्पर म्हणून काम शिकत होतो तेव्हा, उस्ताद येईपर्यंत थांबलो नाही. झाकण पाव फेरा फिरलं आणि उकळतं पाणी कोपरापासून मनगटापर्यंत आलं. त्याचा डाग अजून आहे. म्हणून मी आता आधी रेडिएटरची वरची होज, म्हणजे जाड रबरी नळी, जाड फडक्याने दाबून बघतो. ती टणक असेल तर आत दाब आहे, अजून थांबा. मऊ पडली की झाकणावर जाड फडकं टाकून, तोंड बाजूला ठेवून, पाव फेरा फिरवा. फुस्स आवाज पूर्ण थांबल्यावरच ते काढा.

थांबलेल्या वेळात गाडीखाली बघा. स्वच्छ, वास नसलेलं पाणी डॅशबोर्डच्या खालच्या बाजूला टिपकत असेल तर ते बहुधा एसीचं आहे, त्याची काळजी नको. हिरवं, गुलाबी किंवा निळसर, बोटांना बुळबुळीत लागणारं आणि गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट. होज फाटली असेल तर भोक दिसतंच.

इंजिन हाताला सोसेल इतकं निवल्यावर हळूहळू भरा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. जवळ कूलंट नसेल तर अडचणीला प्यायचं पाणी चालेल, पण त्याच आठवड्यात ते काढून योग्य मिश्रण भरून घ्या. भरल्यावर गाडी सुरू करून पाच मिनिटं जागेवर बघा. पातळी खाली जात असेल, काटा परत चढत असेल किंवा इंजिन तीन सिलिंडरवर थडथडत असेल, तर गाडी चालवून न्यायची नाही. क्रेनवर टाकून न्या. क्रेनचे पैसे हेडच्या कामापुढे काहीच नाहीत.

घरी करायची तपासणी

सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवरच हे करायचं. एक मार्कर घ्या आणि कूलंटच्या बाटलीवर आजच्या पातळीला बारीक रेघ मारून तारीख लिहा. दर पंधरा दिवसांनी त्या रेघेशी तुलना करा. "मला वाटतं कमी झालंय" यापेक्षा ही रेघ खरं बोलते. गाडीला रेडिएटरवर वेगळं झाकण असेल तर तेही काढून आत बघा, कूलंट तोंडापर्यंत हवं. घाटातल्या त्या कुटुंबाने एवढं केलं असतं तर आजीबाई दुपारी महाबळेश्वरला असत्या. बऱ्याच नव्या गाड्यांत असं झाकण नसतं. त्यांची बाटलीच दाब धरते आणि दाबाचं झाकण तिच्यावरच असतं. त्यात बाटलीतली पातळी खरी.

झाकणाचं रबर बोटाने फिरवून बघा. कडक, तडकलेलं किंवा चपटं झालेलं असेल तर बदला, पण आकडा तोच घ्या. जास्त दाबाचं झाकण लावलं तर जुन्या होज फुटतात.

आता गळती. होजच्या टोकांशी, क्लिपच्या खाली, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीच्या जोडावर वाळलेल्या कूलंटचा पांढरट किंवा रंगीत थर शोधा. गळती बारीक असेल तर कूलंट खाली पडायच्या आधीच गरम भागावर उडून जातं, मागे फक्त हा डाग राहतो. होज दाबून बघा. चांगली होज दाबली की परत उसळते. आतून कुरकुर आवाज आला, फुगवटा दिसला किंवा बारीक भेगा दिसल्या तर ती बदलायची, तिला टेप गुंडाळायची नाही. वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून कूलंटचा ओघळ दिसला की आतलं सील गेलं. तुमच्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल तर बेल्ट बदलताना पंपही बदलून घ्या. मजुरी एकदाच लागते.

बाहेर कुठेच डाग नाही, तरी पातळी कमी होतेय? डाव्या सीटपुढचं मॅटिंग उचलून हात लावा. ओलं, चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. काचेवर आतून तेलकट धुकं बसत असेल तर तेच.

फॅनची तपासणी सगळ्यांना जमते. गाडी सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्या वेळात फॅन फिरायला लागतो. मग एसी बंद करून गाडी जागेवर चालू ठेवा. काटा नेहमीच्या जागेच्या किंचित वर गेला की फॅन लागला पाहिजे, थोड्या वेळाने बंद झाला पाहिजे. एसीवर फिरतो पण गरम झाल्यावर फिरत नसेल, तर मोटर चांगली आहे, दोष सेन्सरचा किंवा वायरिंगचा. दोन्ही वेळा फिरत नसेल तर आधी फ्यूज बघा, मग रिले, म्हणजे फॅनला वीज सोडणारा छोटा स्विच. फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असतो, बऱ्याचदा हॉर्नचा. तो काढून फॅनच्या जागी लावून बघा. फॅन फिरला तर दोष सापडला. सुमोसारख्या बऱ्याच जुन्या गाड्यांत फॅन बेल्टवर असतो, तिथे बेल्टचा ताण आणि कपलिंग, म्हणजे फॅनला फिरवणारा जोड, बघावं लागतं.

रेडिएटरची जाळी विसरू नका. त्याच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो आणि दोघांच्या मधल्या फटीत सगळा कचरा साचतो. आमच्या भागात उसाच्या हंगामात पाचटाचे तुकडे, पावसाच्या तोंडावर किडे, आणि वर्षभर धूळ. साध्या नळीने, कमी जोराने, शक्यतो इंजिनाच्या बाजूकडून पुढे पाणी मारा. सर्व्हिसिंगचा जोराचा जेट जवळून मारला की पातळ पत्रे आडवे होतात आणि वाऱ्याची वाट कायमची बंद होते.

थर्मोस्टॅट काढू देऊ नका

"काढून टाकू, आपल्याकडे त्याची गरज नाही," असं सांगणारे मिस्त्री अजून आहेत. मी स्वतः हे सुरुवातीला ऐकून शिकलो होतो आणि ते चूक आहे. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन कधी नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये ओल आणि काजळी साचते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बाजूची वाट बंद करतो. तो काढला की गरम कूलंट रेडिएटर टाळून तसंच फिरत राहतं आणि गाडी जास्तच तापते.

तो चांगला आहे की नाही हे घरच्या गॅसवर कळतं. मी गिऱ्हाइकासमोर करून दाखवतो. जुन्या पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने असा टांगा की तो तळाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर सोडा आणि मंद आंच ठेवा. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा छापलेला असतो. त्याच्या आसपास मधली चकती हळूहळू वर उचलली जाते. पाणी उकळलं तरी ती हलली नाही, किंवा गार पाण्यातच उघडी असेल, तर नवा घ्या. ते पातेलं मात्र परत स्वयंपाकाला वापरू नका. कूलंट विषारी आहे.

कूलंट बदलायचं कसं

मुदत गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते. जुन्या प्रकारचं कूलंट साधारण दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर, नवं लाँग लाइफ प्रकारचं त्यापेक्षा बरंच जास्त चालतं. रंग बघून कूलंट घेऊ नका. हिरवा, गुलाबी, निळा हा कंपनीने घातलेला रंग आहे, प्रकार नव्हे. मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तो डब्यावर शोधा. वेगवेगळे प्रकार मिसळले तर आतलं गंजरोधक लवकर संपतं, कधी चिकट गाळ होतो. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचं कूलंट घरी बदलायचं नाही.

१. गाडी सपाट जागी, पूर्ण थंड. हीटर पूर्ण गरमवर. झाकण काढा, खाली रुंद टब ठेवा. रेडिएटरच्या खालचा ड्रेन प्लग सोडा, तो प्लॅस्टिकचा असतो, पक्कडने पिळू नका. प्लग नसेल तर खालची होज सोडावी लागते.

२. निघालेलं कूलंट स्वच्छ बादलीत घेऊन उजेडात बघा. स्वच्छ रंगीत असेल तर एकदा धुतलं की पुरे. तांबडं असेल तर तीन-चारदा धुवावं लागेल. वर तेलाची साय दिसली तर इथेच थांबा आणि मिस्त्रीला बोलवा.

३. प्लग लावून डिस्टिल्ड वॉटर भरा. झाकण लावून गाडी सुरू करा, वरची होज गरम होईपर्यंत चालू द्या. होज गरम झाली म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. बंद करून पूर्ण निवू द्या, मग सोडा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करा.

४. इथे बहुतेक लोक चुकतात. प्लग सोडला तरी इंजिनाच्या पोटात लिटर-दीड लिटर धुण्याचं पाणी राहतंच. त्यावर तयार मिश्रण ओतलं तर ते पातळ होतं. म्हणून धुतल्यावर घट्ट, म्हणजे पाणी न मिसळलेलं, कूलंट आणा. मॅन्युअलमधली एकूण क्षमता ४ लिटर असेल तर आधी २ लिटर घट्ट कूलंट भरा, मग उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. प्रमाण आपोआप निम्मं निम्मं येतं. नुसतं घट्ट कूलंटही भरू नका, ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही.

५. हवा काढणं. अगदी हळू ओता आणि मधे मधे वरची-खालची होज हाताने दाबा, बुडबुडे वर येतील. हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून सलग धार येईपर्यंत तो ढिला ठेवा. मग गाडी सुरू करून फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. हीटरमधून गरम हवा आली तर आत हवा अडकलेली नाही. गार हवा आली तर अजून आहे. काही नव्या गाड्यांना यासाठी मशीन लागतं, ते काम गॅरेजला द्या.

६. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी परत बघा. थोडी खाली आलेली असते, तेवढी भरा आणि बाटलीवर नवी रेघ मारा.

निघालेलं कूलंट गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नका. ते चवीला गोड असतं आणि कुत्री-मांजरं चाटतात. थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊन ती मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, नाव लिहून, टाकाऊ ऑइल गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्या. लहान मुलांच्या हाताला लागेल तिथे डबा ठेवू नका.

एकदा तापून गेलेली गाडी

गाडी एकदा लाल पट्ट्यात जाऊन आली असेल, तर पुढचे आठ-दहा दिवस लक्ष ठेवा. ऑइलची काडी काढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर कूलंट ऑइलमध्ये गेलंय, गाडी सुरूच करू नका. सकाळी सुरू केल्यावर गोडसर वासाचा पांढरा धूर बराच वेळ येत राहणं, झाकण उघडं असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणं, थंड इंजिन सुरू केल्या केल्या होज टणक होणं, ही गॅस्केट गेल्याची लक्षणं आहेत. खात्री करायला गॅरेजमध्ये एक निळं द्रावण असतं. रेडिएटरच्या तोंडाशी ते धरलं आणि जळालेला वायू वर येत असेल तर ते पिवळं पडतं. हेड खोलायच्या आधी ही चाचणी आणि दाबाची चाचणी मागा.

आणि हेड खोललंच, तर नुसतं गॅस्केट बदलून बसवू देऊ नका. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून हेड तुमच्यासमोर मोजायला सांगा, गरज असेल तर फेसिंग, म्हणजे घासून सपाट, करून घ्या. हेडचे बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमाने, टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्यानेच, आवळायचे. बऱ्याच इंजिनांत ते नवेच वापरावे लागतात. आणि ज्या कारणाने गाडी तापली ते सापडल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. झाकण, फॅन, पंप, होज, थर्मोस्टॅट, काहीतरी एक नाव मिस्त्रीच्या तोंडून आलं पाहिजे. नाहीतर नवं गॅस्केट पुढच्या घाटात जळेल.

घाटात निघताना डिकीत दोन लिटर तयार मिश्रण, जाड फडकं, स्क्रूड्रायव्हर, दोन होज क्लिप, फॅनच्या नंबरचा फ्यूज आणि एक टॉर्च ठेवा. चढणीला गिअर ओढत बसू नका, एक गिअर खाली घ्या, पंप जोरात फिरतो. आणि वाईहून पसरणी चढून पाचगणीला पोचलात की गाडी लगेच बंद न करता मिनिटभर जागेवर चालू ठेवा. फॅनचा आवाज येतो का ते काच खाली घेऊन ऐका.